मेक्सिकन लोकनृत्य पथकाला मदत करू इच्छिणाऱ्या स्वयंसेवकांसाठी

कॅलिफोर्निया, टेक्सस किंवा इलिनॉय अशा राज्यांत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना मेक्सिकन लोकनृत्य अनोळखी नसते. मुलांच्या शाळेतल्या कार्यक्रमात, शहराच्या मिरवणुकीत किंवा सार्वजनिक वाचनालयाच्या अंगणात घेरदार रंगीत स्कर्ट फिरवणाऱ्या मुली आणि बुटांनी फळीवर ताल धरणारे मुलगे आपण पाहिलेले असतात. कधी आपलीच मुलगी मैत्रिणीच्या नादाने अशा पथकात जाऊ लागते आणि मग पालक म्हणून आपणही त्या वर्तुळात ओढले जातो. अशा वेळी मदत नेमकी कशी करावी, याविषयी सॅन होसे परिसरातील कामाच्या आधारे येथे लिहिले आहे. कायद्याचे तपशील कॅलिफोर्नियाचे आहेत. इतर राज्यांतील वाचकांनी आपल्या राज्याचे नियम पाहून घ्यावेत.

एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट करतो. अशा पथकांना नाचणाऱ्यांची किंवा कल्पना सुचवणाऱ्यांची टंचाई नसते. टंचाई असते ती झगे मोजून ठेवणाऱ्यांची, प्लायवूड वाहून नेणाऱ्यांची, परवान्याचे अर्ज भरणाऱ्यांची आणि विंगेत अंधारात हुक लावणाऱ्यांची. ज्याला ही कामे कमी प्रतीची वाटतात त्याने तिकीट काढून प्रेक्षागृहात बसावे, तीही मदतच आहे.

पथक कोणत्या प्रकारचे आहे हे आधी जाणून घ्यावे

‘बॅले फोल्क्लोरिको’ हे नाव लावणारी पथके एकसारखी नसतात. काही शाळेच्या वर्गांतून चालतात, काही कॅथलिक चर्चच्या आश्रयाने, काही विद्यापीठांत, तर काही स्वतंत्र ना-नफा संस्था असतात. अमालिया एर्नान्देस यांनी १९५२ साली मेक्सिको सिटीत ‘बॅले फोल्क्लोरिको दे मेहिको’ स्थापन केले आणि खेड्यापाड्यांतील, सणासमारंभांतील नृत्यांना भव्य रंगमंचीय रूप दिले. निरनिराळ्या प्रदेशांची नृत्ये एकामागून एक सादर करण्याची जी पद्धत आज बहुतेक पथके पाळतात, तिच्यावर त्या कामाची मोठी छाप आहे. अमेरिकेत १९६०च्या आणि १९७०च्या दशकांत मेक्सिकन वंशाच्या अमेरिकनांच्या हक्कांसाठी झालेल्या चिकानो चळवळीबरोबर अशी पथके वाढली. सॅन होसेमधील ‘लोस लुपेन्योस’ हे पथक १९६९ सालचे आहे. तुम्ही ज्या पथकात जाल तेथील आज्या कदाचित त्याच काळात नाचलेल्या असतील. ‘हौशी मंडळी’ अशा नजरेने त्यांच्याकडे पाहू नये.

या इतिहासाचा स्वयंसेवकाच्या कामाशी थेट संबंध आहे. कार्यक्रम प्रदेशांच्या क्रमाने रचलेला असतो आणि प्रत्येक प्रदेशाचा पेहराव, बूट, केशरचना, दागिने वेगळे असतात. हलिस्कोचे स्कर्ट भडक रंगांचे, फितींच्या ओळींनी भरलेले आणि पुरुषांचा पोशाख चांदीसारख्या बटणांचा चार्रो, म्हणजे मेक्सिकन घोडेस्वाराचा. वेराक्रूसचे झगे पांढरे, झिरझिरीत, लेस लावलेले, त्यावर काळा एप्रन आणि हातात पंखा. चियापासच्या झग्यावर काळ्या पार्श्वभूमीवर भरतकामाची दाट फुले. युकातानचा ‘तेर्नो’ पांढरा आणि काठांना भरतकाम केलेला. नुएवो लेओनमध्ये पोल्का आणि अकॉर्डियन, कारण उत्तरेकडील संगीतावर मध्य युरोपातून आलेल्या स्थलांतरितांचा प्रभाव आहे. मिचोआकानच्या ‘विएहितोस’ म्हणजे म्हाताऱ्यांच्या नृत्यात मुखवटे, काठ्या आणि लाकडी तळव्यांच्या चपला. एका संध्याकाळी यांतील चार किंवा पाच प्रदेश सादर झाले, तर एकाच मुलीला तेवढ्या वेळा नखशिखान्त कपडे बदलावे लागतात. स्वयंसेवकांची खरी गरज येथे निर्माण होते.

वाचकांपैकी कोणी ‘चिना पोब्लाना’ या स्त्रियांच्या पारंपरिक मेक्सिकन पोशाखाची कथा ऐकली असेल. कातारिना दे सान हुआन नावाची भारतातून पकडून नेलेली एक मुलगी सतराव्या शतकात मनिलामार्गे पुएब्ला शहरात पोहोचली आणि १६८८ साली तेथेच वारली, हा इतिहास आहे. तिच्या कपड्यांवरून हा पोशाख निघाला, ही मात्र नंतर जोडलेली आख्यायिका आहे आणि अभ्यासक ती मान्य करत नाहीत. पहिल्याच भेटीत ही कथा सांगून ‘म्हणजे तुमचा पोशाख मूळचा आमचाच’ असे म्हणण्याचा मोह आपल्या लोकांना फार होतो. तो आवरावा.

पहिली भेट

पथकाच्या गुरूला ‘माएस्त्रा’ किंवा ‘माएस्त्रो’ म्हणतात आणि समोरासमोर बोलतानाही तेच संबोधन वापरतात. ज्येष्ठ पालकांना ‘दोन्या’ किंवा ‘दोन’ लावून नावाने हाक मारली जाते. स्पॅनिशमध्येही मराठीतल्या ‘तू’ आणि ‘तुम्ही’सारखा फरक आहे, म्हणून मोडकेतोडके बोलतानाही वडीलधाऱ्यांशी ‘उस्तेद’ हे आदरार्थी रूप धरावे. बहुतेक तरुण पालक इंग्रजी उत्तम बोलतात, परंतु पालकसभा स्पॅनिशमध्येच होण्याची शक्यता असते. तेथे सर्वांनी आपल्यासाठी इंग्रजीत बोलावे अशी अपेक्षा न ठेवता शेजारी बसलेल्याकडून मुद्दे समजून घ्यावेत.

पहिल्या भेटीत ‘मी काय करू शकतो’ याची यादी ऐकवू नये. ‘असे कोणते काम आहे जे करायला कोणालाच वेळ मिळत नाही?’ असा प्रश्न विचारावा. उत्तर बहुधा नीरस असते: कपड्यांच्या खोलीची नोंदवही, शुल्काच्या पावत्या, शनिवारी सकाळी सभागृह उघडणे, लहान मुलांना तालमीला आणणे आणि परत सोडणे. त्यातले एकच काम घ्यावे आणि एक पूर्ण हंगाम सांभाळावे. दर आठवड्याला ठरलेल्या वेळी येणारा माणूस पथकाला अधिक उपयोगी पडतो. वर्षातून एकदा उत्साहाने उगवून सगळी व्यवस्था बदलू पाहणाऱ्याच्या मागे मात्र आवरासावर करावी लागते.

काही कामे मात्र मागूनही घेऊ नयेत. एखाद्या आजीने वर्षानुवर्षे मुलींच्या वेण्या घातलेल्या असतात, एखाद्या काकांनी पोसोलेचे, म्हणजे मक्याच्या दाण्यांच्या रश्श्याचे, पातेले सांभाळलेले असते आणि त्या कामात त्यांचा मान असतो. तेथे हाताखाली उभे राहावे. नृत्याविषयी सूचना करणे तर पूर्णपणे टाळावे. कोणत्या प्रदेशाची कोणती पावले, स्कर्ट कोणत्या उंचीवर धरायचा, रिबनचा रंग कोणता, हे माएस्त्राने त्या त्या प्रदेशातील शिक्षकांकडून शिकून ठरवलेले असते. ‘शेवटी एक बॉलिवूड गाणे जोडले तर?’ हा प्रस्ताव भारतीय स्वयंसेवकांकडून येतोच येतो आणि माएस्त्रा सौजन्याने हसून विषय बदलते. त्या हसण्याचा अर्थ होकार नसतो.

मुलांची सुरक्षितता आणि कायदा

पथकातील बहुसंख्य नर्तक अल्पवयीन असतात. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२२पासून लागू झालेल्या ‘एबी ५०६’ या कायद्यानुसार, युवकांसाठी काम करणाऱ्या संस्थेतील प्रशासक, कर्मचारी आणि नियमित स्वयंसेवक यांना बालशोषण ओळखण्याचे व त्याची तक्रार करण्याचे प्रशिक्षण घ्यावे लागते आणि बोटांचे ठसे देऊन पार्श्वभूमी तपासून घ्यावी लागते. ज्याचे वय १८ किंवा अधिक आहे आणि ज्याचा मुलांशी थेट संपर्क किंवा त्यांच्यावर देखरेख महिन्याला १६ तासांपेक्षा किंवा वर्षाला ३२ तासांपेक्षा जास्त होते, तो नियमित स्वयंसेवक. आठवड्याला तालमीची एक संध्याकाळ दोन तासांची धरली तर वर्षाची मर्यादा चार महिन्यांतच ओलांडली जाते. त्यामुळे ‘मी तर अधूनमधून येतो’ या समजुतीवर राहू नये.

ठसे ‘लाइव्ह स्कॅन’ केंद्रात दिले जातात आणि त्यासाठीचा अर्ज पथकाने द्यायचा असतो. येथे एक नाजूक बाब लक्षात घ्यावी. स्थलांतरित वस्तीतील काही पालकांना सरकारी यंत्रणेला ठसे देण्याची धास्ती वाटते, कधी स्वतःमुळे, कधी घरातल्या दुसऱ्या कोणामुळे. त्यामागचे कारण आपण विचारायचे नसते. कागदपत्रांची चिंता नसलेल्या स्वयंसेवकाने तपासणी करून घेऊन मुलांवर देखरेख ठेवण्याची पाळी स्वतःकडे घेतली, तर पथकाची एक मोठी अडचण कोणालाही काही न बोलता दूर होते. माझ्या मते सुस्थित, नोकरदार शेजाऱ्याने करण्याजोगी ही सर्वांत मोलाची मदत आहे. त्याच कारणाने कोणत्याही कुटुंबाला जन्मस्थान, व्हिसा किंवा अमेरिकेत आल्याचे वर्ष विचारू नये आणि नोंदणी अर्जात अनावश्यक रकाने ठेवू नयेत.

कपडे बदलण्याच्या खोलीत एकटा प्रौढ आणि मुले अशी स्थिती कधीही येऊ देऊ नये. दोन तपासणी झालेले प्रौढ असावेत. पालकांची लेखी संमती असल्याशिवाय मुलांची छायाचित्रे स्वतःच्या समाजमाध्यमांवर टाकू नयेत. सुंदर पोशाखातील मुलीचे छायाचित्र नावासकट आणि शाळेसकट प्रसिद्ध करणारे स्वयंसेवक वाईट हेतूचे नसतात, पण पथकाला त्रास तेवढाच होतो.

एच-वन-बी किंवा एच-फोर व्हिसावर असलेल्यांनी एवढे पाहावे की, ना-नफा संस्थेत विनामोबदला आणि एरवीही स्वयंसेवकच करतात असे काम करण्यास सामान्यतः अडचण नसते. ज्या कामासाठी पथक कोणाला पगार देत आले आहे ते काम फुकट करणे, किंवा मानधन म्हणून छोटी रक्कम घेणे, यांतून मात्र प्रश्न उद्भवू शकतो. शंका असल्यास इमिग्रेशन वकिलाला विचारून घ्यावे.

कपड्यांची खोली

पथकाची खरी संपत्ती कपड्यांच्या खोलीत असते. अनेक झगे मेक्सिकोतील कारागिरांकडून शिवून आणलेले असतात आणि हरवलेल्या एका झग्याची जोडी पुन्हा मिळवायला काही महिने जातात. म्हणून पहिले काम नोंदवहीचे. प्रत्येक झग्याला, स्कर्टला, एप्रनला आणि शालीला आतल्या बाजूने कापडी पट्टीवर क्रमांक शिवावा. चिकटपट्टी पहिल्याच धुण्यात निघते. नोंदवहीत क्रमांक, प्रदेश, कंबर, लांबी, सध्या कोणाकडे आहे आणि कोणती दुरुस्ती बाकी आहे एवढे रकाने पुरतात. एखाद्या स्प्रेडशीटमध्ये हे ठेवता येते, परंतु खोलीच्या दाराला छापील प्रत टांगलेली असावी, कारण कार्यक्रमाच्या सकाळी कोणी फोन उघडून बसत नाही.

मापे घेताना मुलीने नाचाचे बूट घातलेले असले पाहिजेत, नाहीतर टाच धरून लांबी चुकते. पायांचे काम दिसावे आणि स्कर्ट पायात अडकू नये अशी ती लांबी असते आणि ती माएस्त्राच ठरवते. वाढत्या मुलींच्या झग्यांची जास्तीची लांबी कापू नये. आत दुमडून हातशिलाईने तुरपाई करावी, म्हणजे पुढच्या वर्षी ती उसवता येते. कंबरेला एकाच जागी हुक लावण्याऐवजी दोन ओळींत आकडे लावले, तर तोच स्कर्ट दोन मुलींना चालतो.

हलिस्कोच्या स्कर्टवरील फिती बहुधा पॉलिस्टर सॅटिनच्या असतात आणि गरम इस्त्रीने त्या वितळून आक्रसतात. इस्त्री मंद ठेवावी आणि वर सुती कापड घालावे, शक्य तर फक्त वाफ द्यावी. हे स्कर्ट खांद्याच्या हँगरवर न टांगता कंबरेला क्लिपा लावून टांगावेत, म्हणजे फिती दुमडत नाहीत. वेराक्रूसचे पांढरे झगे नेहमी वेगळे धुवावेत. त्यांच्या गळ्यावर रंगभूषेचा डाग हमखास पडतो, त्यासाठी झगा घालताना चेहऱ्यावर पातळ स्कार्फ टाकण्याची सवय मुलींना लावावी. भरतकामाचे झगे मशीनमध्ये टाकू नयेत. प्रत्येक प्रयोगानंतर ते धुणेही योग्य नसते. नाटक कंपन्यांच्या कपडेपटात पाणी मिसळलेली व्होडका काखेच्या जागी फवारून घामाचा वास घालवतात आणि ती युक्ती येथेही चालते. चर्चच्या आश्रयाने चालणाऱ्या पथकात बाटली आणण्यापूर्वी ती कशासाठी आहे हे सांगितलेले बरे.

चार्रो टोप्या कडेवर ठेवल्या की कड कायमची चपटी होते, म्हणून त्या उलट्या, म्हणजे डोक्याचा भाग खाली करून ठेवाव्यात. बूट नेहमी वेगळ्या पिशवीत ठेवावेत. नृत्याच्या बुटांच्या टाचेला आणि चवड्याला ताल ऐकू यावा म्हणून खिळे ठोकलेले असतात आणि ते लेसमध्ये अडकले की लेस फाटते. दर महिन्याला बूट उलटे करून सैल झालेले खिळे ठोकून बसवणे हे स्वयंसेवकाला सहज जमणारे काम आहे. सैल खिळा सभागृहाची जमीन ओरबाडतो आणि नर्तकाचा पायही घसरवतो.

जमीन

याच खिळ्यांमुळे सभागृह ठरवताना पहिला प्रश्न जमिनीचा विचारावा. शाळांच्या व्यायामशाळेतील गुळगुळीत लाकडी जमिनीवर किंवा नृत्यशाळांतील व्हिनाइलच्या आच्छादनावर खिळ्यांचे बूट चालत नाहीत आणि व्यवस्थापकाला हे ऐन वेळी कळले तर कार्यक्रम अडतो. उघड्या सिमेंटवर किंवा डांबरावर नाचणे गुडघ्यांना घातक असते, शिवाय तालाचा आवाजही मरतो. उपाय एकच, आपली फळी आपण न्यावी. अमेरिकेत प्लायवूडचा तक्ता ४ बाय ८ फुटांचा मिळतो, त्यामुळे २४ बाय १६ फुटांच्या मंचासाठी १२ तक्ते लागतात. पाऊण इंच जाडी असावी, पातळ तक्ता मध्ये लवतो. सांधे रंगमंचावर वापरतात त्या कापडी गॅफर टेपने चिकटवावेत, कडा सँडपेपरने घासाव्यात आणि चढउतार असलेल्या जागी खाली रबरी चटया घालाव्यात. १२ तक्ते मोटारीत मावत नाहीत, म्हणून पिकअप असलेल्या स्वयंसेवकाशी पथकाची मैत्री असणे आवश्यक असते. वेराक्रूसच्या ‘सोन हारोचो’ संगीतात तर लाकडी चौथरा, ज्याला ‘तारिमा’ म्हणतात, हे तालवाद्यच मानले जाते. त्यामुळे ध्वनिव्यवस्था करणाऱ्याला फळीजवळ एक मायक्रोफोन ठेवायला सांगावे.

उन्हाळ्यातील मिरवणुकीत डांबराचा रस्ता तापलेला असतो आणि अंगावरचा झगा जड असतो. दर काही मिनिटांच्या अंतरावर पाणी घेऊन उभे राहणारे स्वयंसेवक आधीच नेमावेत आणि शेवटी एक रिकामी मोटार चालत ठेवावी, म्हणजे दमलेल्या मुलाला लगेच बसवता येते.

विंगेतील धावपळ

कार्यक्रमाच्या दिवशी कपडे बदलायला दोन प्रदेशांच्या मध्ये कधीकधी एका गाण्याएवढाच वेळ असतो. नऊवारी नेसवणाऱ्या बाईला जशी निऱ्यांपासून काष्ट्यापर्यंतची क्रमवारी बोटांत बसलेली असते, तशीच ती येथेही बसवावी लागते आणि त्यासाठी कपड्यांसह एक तरी पूर्ण तालीम घ्यावी. माएस्त्राकडून कार्यक्रमाचा क्रम मिळाला की एक तक्ता करावा: कोणती मुलगी कोणत्या गाण्यानंतर बाहेर येते, कोणत्या बाजूच्या विंगेत येते, पुढे काय घालते आणि तिला कोण कपडे घालणार. एका स्वयंसेवकाकडे दोनपेक्षा जास्त मुली देऊ नयेत.

प्रत्येक मुलीची खुर्ची ठरलेली असावी आणि खुर्चीवर कपडे उलट्या क्रमाने रचावेत, म्हणजे सर्वांत आधी लागणारी वस्तू सर्वांत वर येते. बूट खुर्चीखाली, दागिने एका झिपच्या पिशवीत, पिशवीवर नाव. केशरचना अशी करावी की मूळ अंबाडा सगळा वेळ तोच राहील आणि प्रदेशानुसार गंगावन, फुले, फिती किंवा कंगवा फक्त टाचता येईल. उतरवलेले कपडे जमिनीवर पडू न देता मोठ्या टोपलीत टाकावेत. घड्या घालत बसू नये, त्यासाठी नंतर वेळ असतो. विंगेत पांढरा प्रकाश प्रेक्षकांना दिसतो, म्हणून कपाळावर बांधायचे लाल प्रकाशाचे छोटे दिवे ठेवावेत.

प्रत्येक नृत्याच्या साहित्याचीही खास काळजी असते. ‘ला बाम्बा’त जोडपे लांब फीत जमिनीवर ठेवून नाचता नाचता पायांनी तिची गाठ बांधते. ती फीत चुरगळलेली असेल तर गाठ बसत नाही, म्हणून ती नळीवर गुंडाळून ठेवावी आणि दुसरी जवळ तयार असावी. ‘फ्लोर दे पिन्या’ या वाहाकातील तुश्तेपेकच्या नृत्यात प्रत्येक मुलगी खांद्यावर अननस घेऊन नाचते. पथक खरे अननस वापरत असेल तर ते कार्यक्रमाच्या एकदोन दिवस आधी, सारख्या आकाराचे आणि तुरा शाबूत असलेले निवडून आणावेत आणि तळ कोरडे पुसावेत, कारण गळणारा रस भरतकामावर कायमचा डाग ठेवतो. युकातानच्या ‘हाराना’त डोक्यावर बाटल्यांचा ट्रे तोलला जातो, तेव्हा विंगेत केरसुणी आणि सुपली हाताशी असावी. ‘विएहितोस’च्या मुखवट्यांतून बाजूचे दिसत नाही, म्हणून त्या मुलांना पायऱ्यांवरून दंडाला धरून खाली उतरवावे.

आणीबाणीच्या पेटीत सेफ्टी पिना, काळा व पांढरा दोरा ओवलेल्या सुया, केसांच्या पिना, हेअरस्प्रे, जास्तीचे हुक, कानातले, कापडाचा डिंक, छोटा हातोडा आणि खिळे हवेत. खिळे नेहमी कोणीतरी विसरतोच.

पैसा

पथकाचा खर्च शुल्कातून भागत नाही, म्हणून तमाले (मक्याच्या पिठाचे वाफवलेले पदार्थ), पोसोले आणि ‘आग्वास फ्रेस्कास’ (फळांची सरबते) विकून, सोडत काढून किंवा ‘लोतेरिआ’ची संध्याकाळ ठेवून पैसे उभे केले जातात. यांपैकी प्रत्येकाला नियम आहेत. सार्वजनिक कार्यक्रमात खाद्यपदार्थ विकण्यासाठी काउंटीच्या आरोग्य विभागाचा तात्पुरता परवाना लागतो. मांसाचे तमाले घरच्या स्वयंपाकघरात करून विकणे घरगुती खाद्यपदार्थांच्या कायद्यात बसत नाही, म्हणून परवाना असलेले स्वयंपाकघर शोधावे. अनेक चर्चमध्ये ते असते. कॅलिफोर्नियात सोडतीसाठी संस्थेला राज्याच्या महाधिवक्त्यांकडे नोंदणी करावी लागते आणि जमलेल्या एकूण रकमेपैकी किमान ९० टक्के रक्कम धर्मादाय कामासाठीच वापरावी लागते. बक्षिसावर अर्धे पैसे घालवण्याची कल्पना यामुळेच बाद होते. ‘लोतेरिआ’ हा बिंगोसारखा खेळ असल्याने पैसे लावून खेळवण्यापूर्वी शहराचे नियम विचारून घ्यावेत.

सॅन होसेच्या आसपासच्या बे एरियातील मराठी नोकरदारांना आणखी एक मार्ग उपलब्ध असतो. अनेक तंत्रज्ञान कंपन्या कर्मचाऱ्याने दिलेल्या देणगीएवढी रक्कम स्वतः घालतात आणि स्वयंसेवेच्या तासांमागेही संस्थेला पैसे देतात. त्यासाठी पथक ५०१ (सी)(३), म्हणजे करमुक्त धर्मादाय संस्थेच्या दर्जाचे असावे लागते किंवा तसा दर्जा असलेल्या पालकसंस्थेच्या छत्राखाली असावे लागते आणि देणगीच्या पोर्टलवर त्याची नोंद असावी लागते. छोट्या पथकांची ही नोंद अनेकदा कोणी केलेलीच नसते. खजिनदाराबरोबर बसून ती पूर्ण करून देण्याने एका तमाले विक्रीपेक्षा जास्त उत्पन्न सुरू होऊ शकते आणि तेही दरवर्षी. बँकेचा पासवर्ड मात्र स्वतःकडे घेऊ नये. अर्ज भरून द्यावा, सही आणि खाते पथकाचेच राहू द्यावे.

२५० डॉलर किंवा अधिक देणगी देणाऱ्याला करसवलतीसाठी पथकाचे लेखी पोचपत्र लागते, त्याचा एक मसुदा तयार करून द्यावा. स्वयंसेवकाला स्वतःच्या वेळेची किंमत करातून वजा करता येत नाही. खर्चांची तपशीलवार वजावट घेणाऱ्यांना पथकाच्या कामासाठी चालवलेल्या मोटारीचे मैलामागे १४ सेंट दाखवता येतात, म्हणून प्रवासाची नोंद ठेवावी. सॅन होसे शहराचे सांस्कृतिक कार्यालय आणि कॅलिफोर्निया आर्ट्स कौन्सिल यांच्या अनुदानांसाठी मागील कार्यक्रमांच्या चित्रफिती, छापील पत्रिका आणि हिशेब मागितले जातात. ते वर्षभर एका ठिकाणी जमा करत राहणे हे तालमीला न येऊ शकणाऱ्या स्वयंसेवकाचे उत्तम काम आहे.

तारखांचा गुंता

वर्षातील गर्दीचे दिवस ठरलेले आहेत. ५ मे हा १८६२ सालच्या पुएब्लाच्या लढाईचा दिवस. तो मेक्सिकोचा स्वातंत्र्यदिन नाही, हे निवेदन लिहिणाऱ्या स्वयंसेवकाने विशेष ध्यानात ठेवावे. स्वातंत्र्यदिन १६ सप्टेंबरला असतो आणि उत्सव १५ च्या रात्रीच सुरू होतो. १ आणि २ नोव्हेंबर हे दिवंगतांचे दिवस, १२ डिसेंबर ग्वादालुपेच्या मातेचा, म्हणजे मेरीमातेच्या मेक्सिकन रूपाचा. मराठी स्वयंसेवकांची पंचाईत अशी की सप्टेंबरचा उत्सव अनेकदा गणेशोत्सवात येतो आणि नोव्हेंबरचा दिवाळीच्या आसपास. २०२४ साली तर महाराष्ट्रात लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरलाच होते. दोन्हीकडे ‘येतो’ म्हणून ठेवू नये. जानेवारीतच दोन्ही दिनदर्शिका शेजारी ठेवून कोणत्या दिवशी आपण उपलब्ध नाही हे माएस्त्राला कळवावे. झेंडूची फुले मात्र दोघांनाही त्याच सुमारास लागतात, कारण दिवंगतांच्या वेदीवर वाहिला जाणारा ‘सेम्पासुचिल’ म्हणजे आपला झेंडूच आणि तो मूळचा मेक्सिकोचाच. मंडळाने आणि पथकाने एकत्र मागणी नोंदवली तर घाऊक भाव मिळतो.

या दिवसांत मदतीला येताना स्वतः मोठी टोपी, खोटी मिशी किंवा कवटीची रंगभूषा करून येऊ नये. स्वयंसेवकाचा पोशाख काळा सदरा आणि आवाज न करणारे बूट.

आस्तेक नृत्य वेगळे

काही कार्यक्रमांत लोकनृत्याबरोबर ‘दान्सा आस्तेका’चा गटही येतो. तो बॅले फोल्क्लोरिकोचा भाग नाही. त्यातील मंडळी नृत्याला प्रार्थना मानतात, कोपालचा धूप जाळतात आणि शंख फुंकतात. त्यांच्या घोट्यांना बांधलेल्या वाद्यपट्ट्या पाहून मराठी माणूस चमकतो, कारण त्या बिट्टीच्या कुळातल्या झाडाच्या टणक बियांच्या असतात. पण विचारल्याशिवाय त्या पट्ट्यांना, पिसांच्या मुकुटाला किंवा धूपपात्राला हात लावू नये, वर्तुळातून आडवे जाऊ नये आणि त्यांना ‘दोन मिनिटांत आटपा’ असे सांगण्याची वेळ येणार नाही इतका वेळ कार्यक्रमपत्रिकेत आधीच राखून ठेवावा. सभागृहात धूर चालतो का आणि धोक्याची घंटा वाजेल का, हे व्यवस्थापकाला आठवडाभर आधी विचारावे.

कार्यक्रमानंतर

पडदा पडल्यावर नर्तक आणि पालक छायाचित्रांत गुंततात, तेव्हा स्वयंसेवकांची मोजणी सुरू झालेली असावी. नोंदवहीतील क्रमांकांप्रमाणे झगे, टोप्या, पंखे, फिती आणि मुखवटे मोजूनच पेट्या बंद कराव्यात. ओले कपडे पेटीत रात्रभर राहू देऊ नयेत, त्याच रात्री कोणाच्या तरी घरी टांगावेत. विक्रीचे रोख पैसे दोघांनी मिळून मोजावेत, कागदावर दोघांच्या सह्या घ्याव्यात आणि रक्कम खजिनदाराकडे सोपवावी. प्लायवूड मोजून गाडीत चढवावे, कारण सभागृहाच्या मागे राहिलेला तक्ता दुसऱ्या दिवशी सापडत नाही.

नोकरी किंवा व्हिसा बदलल्यामुळे आपल्यापैकी अनेकांना गाव अचानक सोडावे लागते. त्यामुळे आपण सांभाळत असलेल्या कामाची माहिती पहिल्या महिन्यापासूनच पथकातील एखाद्या पालकाला शिकवत राहावी. कपड्यांच्या खोलीची किल्ली, नोंदवही, पोर्टलची माहिती आणि प्लायवूड कोणाच्या गॅरेजमध्ये आहे त्याचा पत्ता, हे सर्व एका पानावर स्पॅनिश आणि इंग्रजीत लिहून माएस्त्राच्या हाती द्यावे आणि त्याची एक प्रत खजिनदाराकडे ठेवावी.